डीव्हीडी केली की आवाज मागे पडतो (जत्रेच्या नाटकाचं रेकॉर्डिंग) – मदत हवी

सुरंगी_वेणी

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या (फोंडा तालुका) जत्रेत यंदा पोरांनी संगीत नाटक बसवलं. तीन अंकी, अडीच तासांचं. भाच्याने मंडपात अगदी मागच्या खांबाला फोन बांधून नांदीपासून भरतवाक्यापर्यंत एकसलग शूट केलं. फाइल एमपी-४ आहे, लॅपटॉपवर झकास चालते.

आता गावातल्या वडीलधाऱ्या मंडळींना डीव्हीडी हवी आहे. नेटवरच्या एका फुकट कन्व्हर्टरने केली. नांदीला सगळं बरोबर. पहिला अंक संपताना ओठ आधी हलतात आणि साधारण एक सेकंदाने आवाज येतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी हेच अंतर अडीच सेकंद. भरतवाक्याला साडेचार! पात्रं हात जोडून उभी आणि मागून गाणं चालूच.

सॉफ्टवेअरमध्ये 'ऑडिओ डिले' नावाचा रकाना आहे, त्यात उणे दोन सेकंद घालून बघितलं. मग नांदीलाच आवाज आधी यायला लागला आणि शेवट तरीही चुकलेलाच. काय करू?

कोकमसोल

पेनड्राइव्हवर घालून द्या ना ताई. आजच्या काळात डीव्हीडी कोण बघतं?

सुरंगी_वेणी

ज्यांच्यासाठी केलीय ते बघतात. :) त्यांच्या प्लेयरला पेनड्राइव्हची खाच नाही, आणि असती तरी यादीतून फाइल शोधून लावणार कोण? डिस्क घातली की नाटक सुरू, एवढंच त्यांना हवंय.

चुकार_पोर

साधी गोष्ट आहे. फोन सेकंदाला ३० फ्रेमने (म्हणजे ३० चित्रांनी) शूट करतो आणि तुमच्या कन्व्हर्टरने २९.९७ धरले असणार. आवाज तेवढ्या प्रमाणात ताणला की काम झालं. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) पाच मिनिटांचं काम.

जुनी_कॅसेट

चुकार_पोर, हिशोब करून बघ बाबा. ३० आणि २९.९७ मधला फरक हजारात एक. तासाला ३.६ सेकंद, अडीच तासांत ९ सेकंद. ताईंचे साडेचार आहेत. शिवाय दिशाही उलटी. ३० फ्रेमचं चित्र २९.९७ ने चालवलं तर चित्र हळू होऊन मागे पडेल आणि आवाज पुढे जाईल. इथे चित्रच पुढे पळतंय.

सुरंगीताई, मी डिचोलीला बरीच वर्षं लग्नामुंजीच्या कॅसेटी डिस्कवर उतरवतोय, त्यामुळे हे दुखणं रोजचं आहे. औषध विचारण्याआधी दुखणं कुठल्या जातीचं ते बघायचं. डीव्हीडीवर तीन-चार ठिकाणी थांबून अंतर मोजायचं. तबल्यावर थाप पडताना किंवा झांज वाजताना हात स्पष्ट दिसतो अशी जागा घ्या. व्हीएलसी प्लेयरमध्ये 'ई' दाबलं की एकेक फ्रेम पुढे जाते. 'जे' आणि 'के' ने आवाज ५० मिलिसेकंदांनी पुढेमागे सरकतो. जुळेपर्यंत सरकवा, आकडा पडद्यावर दिसतो, लिहून ठेवा.

सुरुवातीला, मध्ये, शेवटी अंतर सारखंच असेल तर ते नुसतं सरकलेलं आहे. डिलेच्या रकान्याने बरं होतं. अंतर घड्याळासारखं हळूहळू वाढत असेल तर कुठेतरी वेग चुकलाय, तिथे ताणणं-आवळणं चालतं. आणि अंतर बराच वेळ स्थिर राहून एकदम उडी मारत असेल तर ताणूनही उपयोग नाही. तुम्ही फक्त तीन अंकांचे शेवट मोजलेत. मधलं बघा.

आणि मूळ फाइल मीडियाइन्फोत (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून 'फ्रेम रेट मोड' समोर काय लिहिलंय ते इथे टाका.

सुरंगी_वेणी

देव बरें करूं, जुनी_कॅसेट! मीडियाइन्फो म्हणतं: फ्रेम रेट मोड व्हेरिएबल. फ्रेम रेट २९.९८५, कमीत कमी २४, जास्तीत जास्त ३०च्या जरा वर.

आणि अंतर मोजायला बसले तेव्हा गंमत कळली. पहिल्या अंकात अर्धा तास काहीही सरकत नाही. मग राजवाड्याचा प्रवेश संपतो, दिवे जातात, सेटची मांडामांड होते, दिवे येतात, आणि अंतर एकदम एक सेकंद! पुढे अंक संपेपर्यंत ते एकच सेकंद. दुसऱ्या अंकातही दिवे गेले तिथेच दीड सेकंद वाढलं. तिसऱ्यात दोनदा काळोख होतो, दोन्ही वेळा सेकंद-सेकंद. म्हणजे प्रत्येक उडी काळोखानंतर. हा काय प्रकार?

जुनी_कॅसेट

झकास मोजलंत. अर्धं काम झालं.

फोनचा कॅमेरा काळोखात प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड घेतो. त्यासाठी तो सेकंदाला ३० फ्रेम काढायचं सोडून २४ वर उतरतो. दिवे आले की परत ३०. यालाच व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदलेली असते. व्हीएलसी ती नोंद वाचून फ्रेम दाखवतो, म्हणून लॅपटॉपवर बिघाड दिसत नाही. तुमचा कन्व्हर्टर मात्र वेळ न बघता फ्रेमा मोजत सुटला, प्रत्येकीला सेकंदाचा तिसावा भाग देत.

आता तुमचा काळोख घ्या. एका सेकंदाला ६ फ्रेम कमी. पाच सेकंद दिवे गेले तर ३० फ्रेम कमी, म्हणजे बरोबर एक सेकंदाचं चित्र गायब. आवाज मात्र पूर्ण पाच सेकंदांचा. दुसऱ्या अंकात दीड सेकंद गेलं, म्हणजे तिथे दिवे साताठ सेकंद गेले असणार. बघा जुळतंय का.

म्हणून सगळा आवाज सारखा आवळला तर शेवट जुळेल, पण जिथे काही चुकलंच नव्हतं ती पदं बिघडतील. डिस्क झाल्यावर तिच्या व्हीओबी (डिस्कवरच्या व्हिडिओच्या) फाइलींत डागडुजी करत बसू नका, मूळ एमपी-४ वरून नव्याने करा. डीव्हीडीला पक्का, न बदलणारा फ्रेम रेट लागतो. तो आपण आधी करून द्यायचा, कन्व्हर्टरच्या मर्जीवर सोडायचा नाही.

सुरंगी_वेणी

साडेसात सेकंद! आत्ताच घड्याळ लावून बघितलं.

चुकार_पोर

मानलं दादा. 🙏 काळोखाचं डोक्यात आलंच नव्हतं.

मग मार्ग असा. हँडब्रेक हे व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे. व्हिडिओच्या पानावर फ्रेमरेट ठरावीक निवडा आणि त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर टिंब द्या. जिथे फ्रेम कमी आहेत तिथे तो आधीचीच फ्रेम परत ठेवतो आणि वेळ सांभाळतो. क्वालिटीचा आरएफ (आकडा लहान तितकं चित्र चांगलं) १६-१७ ठेवा. फाइल मोठी होते, होऊ द्या, मधलीच आहे. आवाज ४८ किलोहर्ट्झ. हँडब्रेक डीव्हीडी बनवत नाही हे लक्षात ठेवा, तो फक्त फाइल सरळ करून देतो. ती पुढे डीव्हीडीस्टायलर या डिस्क बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या.

एफएफएमपेग (कमांड टाइप करून चालवायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर एका ओळीत होतं. टार्गेट म्हणून एनटीएससी-डीव्हीडी किंवा पाल-डीव्हीडी (डीव्हीडीच्या दोन पद्धती) दिलं की आकार, फ्रेम रेट, एसी-३ (दाबून लहान केलेला) आवाज सगळं आपोआप बसतं. फक्त तो व्हिडिओला सेकंदाला ६००० किलोबिट धरतो (हाच बिटरेट). अडीच तासांना तेवढं दिलं तर सात जीबीच्या वर जाईल आणि साध्या डिस्कमध्ये मावणार नाही. बिटरेट हाताने कमी करा.

जुनी_कॅसेट

बिटरेटचा हिशोब मांडूनच टाकतो. साधी डिस्क ४.७ जीबी. अडीच तास म्हणजे ९००० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला साधारण ४१७० किलोबिट मिळतात, चित्र आणि आवाज धरून. एसी-३ आवाजाला १९२ दिले, थोडी जागा मेनूला सोडली, की चित्राला ३८०० उरतात. एका जागी उभ्या कॅमेऱ्यातून घेतलेल्या नाटकाला पुरतात. आवाज पीसीएम (न दाबलेला) ठेवायचा मोह होईल, पण तो एकटाच १५३६ किलोबिट खातो. नको.

डीव्हीडीस्टायलर नवा प्रोजेक्ट करताना डिस्कची क्षमता विचारतो. बिटरेट 'ऑटो' ठेवलात तर हा भागाकार तोच करतो.

पेटीवाला

मी मडगावचा, पेटी वाजवतो. कॉम्प्युटरातलं मला फार कळत नाही, पण एक विचारतो. आमच्या एका कार्यक्रमाची कुणीतरी डीव्हीडी करून दिली होती, त्यात गायक काळी एकमध्ये गायलेला आणि डिस्कवर सूर चढलेला! पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधेच कुठेतरी. पेटी घेऊन बसलो तर एकही पट्टी जुळेना. हेसुद्धा सिंकचंच (आवाज-चित्र जुळण्याचं) दुखणं का?

चुकार_पोर

पेटीवाले काका, हेही त्याच घरातलं दुखणं. ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज सॉफ्टवेअरने न बदलता ४८ चा म्हणून चालवला असणार. वेग ८.८ टक्क्यांनी वाढतो आणि सूर पेटीच्या जवळपास दीड पट्टी वर जातो, अगदी तुम्ही म्हणता तिथेच. गाणंही चित्राच्या आधी संपलं असेल ना?

पेटीवाला

संपलं होतं! आम्हाला वाटलं चित्रच अडकतंय.

जुनी_कॅसेट

हे कानाने ओळखता येतं ते बरं. सूर जागेवर आहे आणि तरी आवाज सरकतोय, तर ४४.१-४८ चा संशय सोडून द्यायचा.

तसंच २४ फ्रेमवर शूट केलेलं कुणी पाल डिस्कवर घालताना चित्र सरळ २५ ने पळवतात, आवाजही तेवढाच. तासाचा कार्यक्रम साडेसत्तावन मिनिटांत उरकतो आणि सूर पाऊण पट्टी चढतो. सिनेमात बोलणंच जास्त, तिथे खपून जातं. संगीत नाटकात मुळीच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरंगी_वेणी

मग मी पाल घ्यायचं की एनटीएससी? डीव्हीडीस्टायलर तेच विचारतोय. भारतात पाल ना?

कोकमसोल

पाल. डोळे मिटून. आपलं दूरदर्शन पालच असायचं.

जुनी_कॅसेट

डोळे उघडून बघा, कोकमसोलबाब. टीव्ही स्टेशन काय पाठवतं त्याच्याशी डिस्कचा संबंध नाही. आपल्याकडचे प्लेयर आणि टीव्ही बहुतेक सगळे दोन्ही खातात.

पाल म्हणजे २५ फ्रेम, चित्र ७२० बाय ५७६. एनटीएससी २९.९७ फ्रेम, ७२० बाय ४८०. म्हणजे पालमध्ये आडव्या रेघा जास्त, चित्र थोडं कोरीव. पण ताईंचा माल ३० चा आहे. पालमध्ये उतरवताना प्रत्येक सहावी फ्रेम टाकावी लागते. पात्र रंगमंचावरून चालत गेलं की बारीक हिसका दिसतो. एनटीएससीत हजारात एखादी फ्रेम जाते, कुणाच्या बापाला कळत नाही. फोनचं शूटिंग असेल तर मी एनटीएससीच करतो. मात्र हँडब्रेकमध्ये २९.९७ आणि कॉन्स्टंट निवडा, ३० नको, म्हणजे पुढच्या सॉफ्टवेअरला परत लुडबुड करायला जागा उरत नाही.

कोकमसोल

माझ्या घरचा जुना टीव्ही एनटीएससी डिस्क काळीपांढरी दाखवायचा. म्हणून म्हटलं.

जुनी_कॅसेट

असे टीव्ही होते, खरं आहे. ताई, ज्यांना द्यायची त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या टीव्हीवर आधी एक डिस्क लावून बघा. रीरायटेबल (पुसून परत लिहिता येणारी) वापरा म्हणजे वाया जाणार नाही.

मांद्रेची_मावशी

मधेच घुसते, क्षमा करा. आमच्याकडे ह्यांच्या नाटकाची व्हीएचएस कॅसेट आहे. मुलाने कॅप्चर कार्ड लावून कॉम्प्युटरवर घेतली. चित्र कार्डातून, आवाजाची वायर मात्र कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात. तासाभराच्या शेवटी आवाज जवळपास सेकंदभर मागे. आणि मध्ये एका ठिकाणी चित्र फाटतं, तिथून पुढे आणखीच. इथे कुठला काळोख? ही तर साधी कॅसेट.

जुनी_कॅसेट

मावशी, तुमच्याकडे दोन दुखणी एकत्र आहेत.

पहिलं, चित्र एका कार्डाच्या घड्याळावर मोजलं गेलं आणि आवाज दुसऱ्याच्या. दोन घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. सावकाश वाढत जाणारं अंतर ते हेच. इथे ताणणं-आवळणं चालतं. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या फ्रेम रेट खिडकीत चित्र आणि आवाज यांची लांबी सारखी करायचा एक पर्याय आहे, तो निवडला की झालं. पुन्हा कॅप्चर करणार असाल तर आवाजसुद्धा त्याच कार्डात घाला, दुखणंच राहणार नाही.

दुसरं, जिथे चित्र फाटतं तिथे टेपवर बुरशी असणार. आपल्या पावसात कपाटातल्या कॅसेटीवर पांढरी बुरशी हटकून धरते. खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात का बघा. तिथे कार्डाला सिग्नल मिळत नाही, ते फ्रेमा गाळतं, आवाज मात्र चालू राहतो. म्हणून उडी. आधी त्या जागी फाइलचे दोन तुकडे करा, प्रत्येक तुकडा वेगळा जुळवा, मग जोडा. अख्खी फाइल एकदम ताणली तर दोन्ही तुकडे बिघडतील.

बुरशीची कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घालू नका बरं. हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीलाही.

मांद्रेची_मावशी

ठिपके आहेत. :( मुलाला हे वाचून दाखवते.

चुकार_पोर

मावशी, जुन्या एव्हीआय फाइली असतील तर त्यातला आवाज एमपी-३ व्हीबीआर (बदलत्या बिटरेटचा) आहे का तेही बघायला सांगा. एव्हीआयला तो धड पेलत नाही, सरकतो. आवाज आधी वेव्ह फाइलमध्ये काढून घ्यायचा आणि मगच पुढे जायचं.

सुरंगी_वेणी

झालं!! हँडब्रेकमधून २९.९७ कॉन्स्टंट, मग डीव्हीडीस्टायलर, एनटीएससी, एसी-३. बर्न न करता आधी आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाइल) बनवून व्हीएलसीत बघितलं. चारही काळोखांनंतर ओठ आणि शब्द बरोबर. भरतवाक्य हात जोडूनच संपतं.

फक्त एक शंका. आता अगदी बारकाईने बघितलं तर सगळीकडे सारखंच, अगदी किंचित, आवाज मागे वाटतो. तबल्यावर हात पडतो आणि मग थाप. व्हीएलसीत उणे ५० केलं तर बरं वाटतं, उणे १०० केलं तर उलटं होतं. नांदीपासून शेवटपर्यंत तेवढंच. मूळ फाइलमध्येही आहे!

पेटीवाला

मीही हेच विचारणार होतो. भजनाचे व्हिडिओ लांबून घेतलेले असले की झांजेचा हात आणि नाद कधीच जुळत नाही.

जुनी_कॅसेट

ताई, तो खांब रंगमंचापासून किती लांब?

सुरंगी_वेणी

पावलांनी मोजलं तर पंचवीस मीटर असेल.

जुनी_कॅसेट

मग फोनचा किंवा सॉफ्टवेअरचा काही दोष नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. पंचवीस मीटर यायला ७३ मिलिसेकंद, म्हणजे दोनेक फ्रेम. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला नाटक असंच ऐकू येतं, पण त्याला चित्रही लांबूनच दिसतं, म्हणून खटकत नाही. तुमच्या भाच्याने झूम केलाय. चित्र पहिल्या रांगेतलं आणि आवाज शेवटच्या.

आवाज उशिरा आलेला माणसाला बराच खपतो. प्रसारणवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय मापात आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तर जाणवतो, उशिरा मात्र १२५ पर्यंत जाणवत नाही असं धरलंय. त्यामुळे सोडून दिलंत तरी चालेल. पण पेटीवाल्यांसारखे कान असतील तर अव्हिडेमक्स हे व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर घ्या. हँडब्रेकमधून आलेली फाइल उघडा, चित्र-आवाज दोन्ही 'कॉपी' ठेवा, ऑडिओखालच्या 'शिफ्ट' मध्ये उणे ७० घाला, सेव्ह करा. आधी दोन मिनिटांचा तुकडा करून बघा.

कोकमसोल

ह्या धाग्यावर पेनड्राइव्हचा सल्ला देऊन गेलो होतो, आता बसून अख्खा वाचला. ताई, डिस्क घरोघरी दिल्यावर कुणी परत 'आवाज जुळत नाही' म्हणालं तर आधी त्यांची वायर बघा. आमच्याकडे चित्र टीव्हीत आणि आवाज प्लेयरमधून थेट होम थिएटरला जातो. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ खातो आणि आवाज आधी येतो. टीव्हीत 'गेम मोड' लावला की बरं होतं.

सुरंगी_वेणी

उणे ७० केलं. तबला आता हातावर बसला. पेटीवाले काका, तुम्हालाही एक प्रत पाठवेन.

आता पंधरा-वीस प्रती काढायच्यात. भाचा म्हणतो १६ एक्सने भराभर करू. वर नाटकाच्या फोटोचं कागदी लेबल चिकटवायचा विचार आहे. करू ना?

जुनी_कॅसेट

वेग ४ किंवा ८ ठेवा. जुने प्लेयर घाईत जाळलेल्या डिस्कवर अडखळतात, आणि अडखळले की लोक सिंक गेला म्हणून फोन करतात.

लेबल मुळीच नको. कागद जरा बाजूला चिकटला तरी डिस्क फिरताना डुगडुगते, आणि जूनमध्ये दमट हवेत कडा सुटून तो प्लेयरच्या आतच अडकतो. अशा एकदोन डिस्क मी चिमट्याने काढल्यात. मधल्या पारदर्शक गोलावर मार्करने नाव लिहा, फोटो डबीच्या कव्हरला लावा.